सात नंबरचा कागद

आडनाव सांगायला तोंड उघडलं की भाऊ दोन्ही कानांवर हात ठेवायचे. अहो, खोटं नाही सांगत, खरोखर ठेवायचे. नोकरी मागायला आलेला माणूस खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच 'मी अमुक तमुक' म्हणून सुरुवात करायचा, आणि समोर बसलेला सत्तरीचा मिलमालक कान झाकून ओरडायचा, "नाव नको, गाव नको, बापाचं तं बिलकुल नको! डब्यातून चिठ्ठी काढा अन् नंबर सांगा!" समोरच्याला वाटायचं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. मग तो बिचारा तेच आडनाव दुप्पट आवाजात सांगायचा.

मीही त्या खुर्चीत बसून गेलेली आहे. तेरा वर्षं झाली त्याला. बी.कॉम. झालेली, हातात फाइल, आणि फाइलमध्ये मामानं कोणाकोणाच्या पाया पडून आणलेली ओळखीची चिठ्ठी. भाऊंनी चिठ्ठी उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, "हे कोनं लिवली?"

"मामाच्या ओळखीच्या साहेबांनी."

"मंग त्या सायबाले पाठव परीक्षेले. तुले काऊन त्रास?"

मला इतका राग आला की उठून जाणारच होते. पण बाहेर ऊन मरणाचं होतं, आणि घरी जाऊन आईला काय सांगायचं हाही प्रश्न होता. डब्यात हात घातला, अकरा नंबर निघाला. त्या दिवसापासून मिलमध्ये मी अकरा. "ए अकरा, इकडं ये." "अकराले विचार, तिले मालूम असंल." आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, जेलात गेलीस का नोकरीला? पण खरं सांगू का, गोंदियात आडनाव सांगितलं की समोरच्याला पुढचं सगळं आपोआप कळतं, आणि माझं आडनाव ऐकून बऱ्याच ठिकाणी पुढचा प्रश्न विचारायचे कष्टसुद्धा कोणी घेतले नव्हते. म्हणून अकरा मला आवडायला लागलं. आडनाव मी इथंही लिहीत नाही. भाऊंची सवय लागली.

भाऊंची राइस मिल गोंदियाजवळच्या फुलचूर गावाच्या पुढे. धान आत येतं, तांदूळ होऊन बाहेर जातो, कोंडा वेगळा, तुटलेल्या तांदळाची कनकी वेगळी. तीस-पस्तीस माणसं कामाला. आणि यातला एकही माणूस, मशीनवरचा मिस्त्री असो की फाटकावरचा चौकीदार, थाळीच्या परीक्षेतून सुटलेला नाही.

थाळीची परीक्षा म्हणजे अशी. स्टीलची थाळी, त्यात दोन ओंजळी तांदूळ, आणि त्यात भाऊंनी सकाळी स्वतःच्या हातानं मिसळलेले बरोबर पन्नास वाईट दाणे. काही काळे, काही लाल, काही किडके, आणि मधेच दोन-चार खडे. वेळ दहा मिनिटं. जितके सापडतील तितके मार्क, तीसला पास. मी कॉम्प्युटरवर बसायला आले होते, तरी निवडत बसले. मला छत्तीस मिळाले, आणि त्यातले दोन तर चांगलेच दाणे होते म्हणून कापले, उरले चौतीस.

एकदा एका ड्रायव्हरनं भांडण काढलं. म्हणाला, "सेठजी, गाडी चलाना है, चावल थोडी बीनना है."

भाऊ शांतपणे म्हणाले, "ज्याले हातातल्या थाळीतला खडा दिसत नाई, त्याले रस्त्यावरचा म्हातारा दिसंल का? बस चूपचाप."

तो बसला. एकोणचाळीस काढले. आजही तोच ट्रक चालवतो. त्याला सगळे तीन म्हणतात. नंतर दुसऱ्या परीक्षेत आणखी एक तीन आला, तेव्हा मोठा तीन आणि लहान तीन झाले. हजेरीच्या रजिस्टरात नावं होतीच हो, पगारपत्रकाला लागतात. पण बोलताना भाऊ नंबरच म्हणायचे. "परीक्षा नंबर देऊन राहिला होता. पास नंबर झाला. नाव कुठून आलं मधातच?" असं त्यांचं म्हणणं.

आणि परीक्षेचा दुसरा अर्धा भाग त्यांना पहिल्याहून जास्त प्यारा. नापास झालेल्याला कारण सांगितल्याशिवाय फाटकाबाहेर सोडायचं नाही. 'कळवू', 'फोन करू', 'जागा भरली' हे शब्द मिलमध्ये बंद. माणसाची थाळी त्याच्यापुढे ठेवायची आणि दाखवायचं, बाबू, हा पाहा, हा किडका राहिला, हा लाल राहिला. हे काम माझ्याकडे होतं. सुरुवातीला मला फार लाजल्यासारखं व्हायचं. नापास माणसाच्या तोंडाकडे पाहून बोलणं सोपं नाही. एका माणसाला मी अशी तीन वेळा कारणं सांगितली. तो घरी जाऊन बायकोजवळ बसून तांदूळ निवडायला शिकला आणि चौथ्या खेपेला पास झाला. आमचा चौकीदार तो.

या सगळ्याची गावात अफाट चर्चा व्हायची. भाऊ लपूनछपूनही परीक्षा घेतात, अशी कोणीतरी आवई उठवली. मग काय विचारता! उमेदवार यायचे ते फाटकापासूनच सुधारलेले. कोणी पडलेला कागद उचलायचा, कोणी झाडाला पाणी घालायचा, कोणी हमालाला उगाच 'नमस्कार काका' करायचा. एका पोट्ट्यानं तर कोपऱ्यातला खराटा घेऊन सगळं अंगण झाडून काढलं. भाऊ ओट्यावर उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, "बाबू, आंगन झाडाले माणूस हाये आपल्याकडे. तू त्याचं काम काऊन करून राहिला? थो बसला न तिकडं बिडी पेत." पोट्टा खराटा हातात घेऊन उभाच. नंतर थाळीत सव्वीस मिळाले त्याला.

कानांवर हात ठेवायची सवय कुठून आली, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. मिल नवी होती तेव्हाची गोष्ट. एक मिस्त्री कामाला आला. भाऊंनी आडनाव विचारलं, त्यानं सांगितलं, आणि भाऊंनी फाटकावरूनच परत पाठवलं. कारण काही नाही, फक्त आडनाव. तो दुसऱ्या मिलमध्ये लागला. "अकरा, त्या मिलचा तांदूळ पाहाले मी जावो," भाऊ म्हणाले, "एक दाना तुटलेला नाई. अख्खा. मी थितं फाटकाजवळ उभा राहो अन् पाहो. माह्याकडं आल्ता थो मानूस. मीच हाकललो. लाज वाटते सांगाले." त्यांना खरंच लाज वाटत होती. मान खाली घालून बसले होते. मी तेव्हा पहिल्यांदा या माणसाला मनातून मानलं.

आता भाऊंचा मुलगा. आम्ही त्याला दादा म्हणतो. पुण्याला शिकून आलेला, हुशार, बापाच्या शब्दाबाहेर न जाणारा, पण मनातून वैतागलेला. थाळी-बिळी त्याला जुनाट वाटायची. मध्यंतरी त्यानं एका कंपनीकडून टॅबलेटवरची परीक्षा विकत घेतली. भरतीच्या आधी उमेदवाराचा स्वभाव ओळखायची परीक्षा म्हणे. शंभर प्रश्न. 'तुम्हाला पार्टीत जायला आवडतं की पुस्तक वाचायला?' 'तुम्ही प्राणी असता तर कोणता असता?' मिलच्या हमालांना हे प्रश्न विचारायचे! मला हसू आवरेना.

भाऊ मात्र हसले नाहीत. म्हणाले, "कोनत्याही परीक्षेले हासू नये. पहिले मी देतो." आणि बसले की हो टॅबलेट घेऊन. चष्मा पुसला, एकेक प्रश्न मला मोठ्यानं वाचायला लावला. प्राण्याच्या प्रश्नावर पाच मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "म्हैस लिव. पाण्यात बसाले मिळते." निकाल आला: नेतृत्वाच्या पदासाठी शिफारस नाही, कनिष्ठ कारकून म्हणून विचार करता येईल. दादाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. भाऊ मला म्हणाले, "अकरा, तुह्या हाताखाली जागा हाये का वं?" आणि मग दादाला म्हणाले, "बरोबर सांगून राहिली मशीन. मले हिशेब समोर आला का झोप येते. पण तिनं माणसाले कारण नाई सांगतलं. कोनता प्रश्न चुकला, थे सांगाले लाव." कंपनीला फोन केला तर ते म्हणाले, कारण सांगता येत नाही, ती आतली पद्धत आहे. झालं, टॅबलेट कपाटात गेला.

हे सगळं हसण्यासारखं आहे, आणि मी हसतेही. पण ज्या परीक्षेची गोष्ट सांगायला बसले आहे, तिच्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

मिलमध्ये एकच काम असं होतं की ज्याची परीक्षा कधी कोणी दिली नव्हती. धान पारखायचं. कास्तकार, म्हणजे शेतकरी, ट्रॅक्टर घेऊन आला की पोत्यात हात घालायचा, मूठभर धान काढायचं, दोन दाणे दाताखाली धरायचे. कट् वाजला तर धान वाळलेलं, घ्यायचं. दाणा दबला तर ओलं, परत न्या आणि वाळवून आणा. हे काम भाऊंचं. चाळीस वर्षं त्यांचेच दात. ओलावा मोजायचं मशीन होतं ऑफिसात, पण खरेदीला ते लावायचे नाहीत. "मशीनले ओल कळते. पण धान पावसात भिजून मंग वाळलं का सीधं उन्हात वाळलं, थे तिले विचार." आणि कास्तकारांचा विश्वास असा, की भाऊंनी दाणा चावला म्हणजे विषय संपला. कोणी दुसरा शब्द काढायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात भाऊंचे दात गेले. सगळे काढावे लागले आणि कवळी बसवली. आम्ही सगळ्यांनी थट्टा केली, नवीन दातांनी भाऊ कसे देखणे दिसतात वगैरे. कोणाच्याही डोक्यात आलं नाही, की आता दाणा कोण चावणार.

दिवाळीच्या सुमारास हलकं, म्हणजे लवकर पिकणारं, धान यायला लागलं. भाऊ नेहमीसारखे अंगणातल्या कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसले. कामठा गावचे खुशालभाऊ म्हणून एक कास्तकार आहेत, वर्षानुवर्षं आमच्याकडेच धान आणतात. त्यांच्या ट्रॅक्टरमधली मूठ भाऊंनी घेतली, दोन दाणे चावले आणि म्हणाले, "ओलं हाये गा. वाळवून आन."

खुशालभाऊ म्हणाले, "चार दिवस ऊन दाखवलो भाऊ."

"अजून दाखव."

ते गेले. त्यांनी पोत्यातून काढलेली मूठ भाऊंच्या खुर्चीजवळ टेबलावर तशीच होती. मी काही मनात न आणता ती ऑफिसात नेली आणि मशीनमध्ये घातली. धान वाळलेलं होतं. अगदी जितकं पाहिजे तितकं. मी पुन्हा घातलं. पुन्हा तेच.

मी काही बोलले नाही.

का नाही बोलले? मला वाटलं, एखाद्या वेळी होतं. मग आठ दिवसांनी आणखी एक ट्रॅक्टर परत गेला, मग आणखी एक. दरवेळी मी मूठ उचलून आणायची, मशीनमध्ये घालायची आणि उत्तर बघून मशीन बंद करायची. नवीन दातांना कट् कळतच नव्हता. सगळंच त्यांना मऊ लागत होतं. दादालाही अंदाज आला होता. तो एकदा म्हणाला, "बाबांना सांगायला पाहिजे." मी म्हटलं, "तुम्ही सांगा." तो म्हणाला, "तुम्ही सांगा, तुमचं ऐकतात." असं करत हंगाम गेला. उन्हाळी धानही गेलं. ज्या बाईनं शेकडो माणसांना त्यांच्या चुका तोंडावर सांगितल्या, तिला या एका माणसाला सांगवेना. लिंबाखालची ती खुर्ची काढून घेतली तर भाऊंजवळ काय राहिलं असतं? बायको जाऊन दहा वर्षं झालेली, ऑफिस मुलाकडे, मशीन मिस्त्रीकडे.

मागच्या वर्षी हंगामाच्या तोंडावर भाऊ सकाळीच ऑफिसात आले आणि म्हणाले, "अकरा, पारख्याची जागा काढ. परीक्षा घेऊ."

मी म्हटलं, "भाऊ, पारखी तर तुम्ही आहात."

"काढ मनलो न."

जाहिरात लावली. सात माणसं झाली. आमच्याच अंगणात धान पसरवणारी एक बाई, नागरा गावची, तिनंही नाव दिलं. म्हणजे नाव नाही, चिठ्ठी काढली. चार नंबर. परीक्षा अशी ठरली: दहा वाट्यांत दहा प्रकारचं धान. प्रत्येक वाटीतले दाणे चावून कागदावर लिहायचं, ओलं, ठीक की कडक. कडक म्हणजे गरजेपेक्षा जास्त वाळलेलं. ते भरडताना तुटतं आणि कनकी होते, म्हणून तेही ओळखता आलं पाहिजे. खरं उत्तर मशीननं काढून माझ्याजवळ बंद पाकिटात. दहापैकी सात बरोबर आले तर पास. परीक्षा गोदामात, आणि नियमाप्रमाणे मी तिकडे फिरकायचं नाही. कागद मोठा तीन ऑफिसात आणून देणार, त्यावर फक्त नंबर.

कागद आले. मी तपासायला बसले. चार नंबरचे दहापैकी दहा. मी मनात म्हटलं, वा गं बाई! मग पाच, सहा. मग सात नंबरचा कागद उचलला. ते अक्षर मी बारा वर्षं रोज वाचत होते.

दादा दारात उभा होता. म्हणाला, "सगळे बघत होते ताई. बाबांनी पण डब्यात हात घातला, चिठ्ठी काढली, रांगेत बसले. कोणाला काही बोलू दिलं नाही."

मी उत्तरं पडताळली. चार बरोबर. सहा चूक. आणि सहाही चुका एकाच जातीच्या: ठीक धान, आणि समोर लिहिलेलं, ओलं. ठीक, ओलं. ठीक, ओलं.

"किती?" दादानं विचारलं.

"चार."

तो खाली बसला. मग हळूच म्हणाला, "सात लिहून टाका ना. तुमच्याशिवाय कोणाला कळणार आहे? मी हळूहळू खरेदीला मशीन लावतो. ते खुर्चीवर बसोत, मान हलवोत. त्यांच्या मनाला लागेल ताई. पार खचतील."

मला त्याचा राग आला नाही. माझ्या मनात तेच चाललं होतं. मी पेन उघडून कितीतरी वेळ बसले. भाऊंनी माझ्यासाठी काय केलं, ते आठवत होतं, आणि मग लक्षात आलं, की त्यांनी माझ्यासाठी काहीच केलेलं नाही. दाणे मी वेचले होते, मार्क दाण्यांनी दिले होते. त्यांनी फक्त मधे काही येऊ दिलं नव्हतं. माझ्यासाठीही नाही आणि माझ्याविरुद्धही नाही. मी सात नंबरपुढे चार लिहिले. आणि मग रडले. दादासमोरच रडले, काय करणार.

निकाल नेहमी भाऊच वाचायचे, ओट्यावर उभं राहून, सगळ्यांदेखत. तसाच वाचला. "चार नंबर, धापैकी धा, पास. उद्यापासून तू खुर्चीवर बसशील वं बाई." ती बाई पदर तोंडाला लावून उभी राहिली. "सात नंबर, धापैकी चार. नापास." आवाज जराही हलला नाही. मिलमधली सगळी माणसं तिथं होती.

मग भाऊ माझ्याकडे वळले. "कारन?"

मी सात नंबरचा कागद त्यांच्यापुढे धरला.

"सगळ्याईले सांगतेस. सातले काऊन नाई?"

मी म्हटलं, "सात नंबरला ठीक धानसुद्धा ओलं लागतं. सहा वाट्यांत तसंच झालं."

"कायच्यानं?"

"भाऊ..."

"सांग न."

"नवीन दातांना दाणा वाजलेला कळत नाही."

भाऊंनी मान डोलावली. "मले शक होता," ते म्हणाले. "पण शक असून मी खुर्चीवर बसूनच होतो. कागदावर आल्याशिवाय मानूस उठत नाई." मग ते ओट्याच्या पायऱ्या उतरले आणि म्हणाले, "अकरा, गाडी काढाले लाव. कामठ्याले जाचं हाये. तूही चाल."

खुशालभाऊ घरीच होते. आम्हाला पाहून गडबडले, खाट टाकली, पाणी आणलं. भाऊ खाटेवर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "खुशाल, मांगच्या साली तुहा धान वाळला होता. मी ओलं मनलो. चूक माही होती. तुले सांगाले आलो."

खुशालभाऊंनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "भाऊ, माह्या हाताले तं वाळलंच लागून राहिलं होतं. पण तुमी ओलं मनलं. मी मनलो, आता आपल्याच हाताले कळेनासं झालं. मंग अजून तीन दिवस उन्हात घातलो. मंग थे पुरं कडक झालं, भरडलं तं निम्मी कनकी. दुसऱ्या मिलवाल्यानं हासून घेतलं." आणि मग, अगदी सहज, तक्रारीचा सूर नाही काही नाही, ते म्हणाले, "तवापासून मी धान स्वतः पाहातच नाई. पोरीले पाहाले लावतो. माह्या हाताचा भरोसा रायला नाई."

भाऊ पुढे झाले आणि त्यांनी खुशालभाऊंचा हात दोन्ही हातांत धरला. "तुहा हात बरोबर हाये गा," ते म्हणाले. "बिलकुल बरोबर हाये. मी सांगतो." आणि मग स्वतःच थांबले. 'मी सांगतो' याला आता काय अर्थ, हे त्यांनाच कळलं असावं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सांग याले. मशीनचं सांग."

मला सांगावं लागलं. खुशालभाऊ, तुम्ही गेल्यावर मी तुमचं धान मशीनमध्ये घातलं होतं. दोनदा. वाळलेलं होतं.

भाऊंना तोवर हे ठाऊक नव्हतं. त्यांनी तर आजच्या परीक्षेच्या मशीनबद्दल म्हटलं होतं. ते माझ्याकडे नुसते पाहत राहिले. चहा झाला, आम्ही निघालो. गाडीत पुढे मोठा तीन, मागे आम्ही दोघं. गोंदिया ओलांडून फुलचूरकडे वळलो. मग भाऊंनी विचारलं, "तुले कवापासून मालूम होतं?"

"त्याच दिवसापासून."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

"तुमच्या मनाला लागलं असतं भाऊ."

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत. खिडकीची काच वर करत, साध्या आवाजात म्हणाले, "अन् खुशालच्या हाताचं?"

भाऊ आता सकाळी येतात, ओट्यावर पेपर वाचतात, दुपारी घरी जातात. लिंबाखाली चार नंबर बसते. या हंगामात एकदा मला वाटलं, तिचं चुकतंय. मी उठले, ट्रॅक्टरवाल्यादेखत, हमालांदेखत म्हटलं, "बाई, ते वाळलेलं वाटतं, पुन्हा पाहा." ती लालबुंद झाली. दाणे पुन्हा चावले, मशीन मागवलं. तिचंच बरोबर निघालं, माझं चूक. सगळे हसले मला. हसू द्या.